चिपळुणात समुपदेशनाची खोली: बोर्डावर काय लिहावं?

रातांबा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग ठाण्यात एका संस्थेत काम केलं. आता माहेरी चिपळुणात परत येऊन स्वतःची खोली थाटतेय. काम तेच, पण गाव बदललं की कामाच्या अटी बदलतात हे इथे आल्या आल्या कळलं.

गुप्ततेचंच घ्या. ठाण्यात गुप्तता म्हणजे मी तोंड बंद ठेवायचं आणि नोंदी कुलपात ठेवायच्या. इथे माझ्या जिन्याखाली कोणाची स्कूटर उभी आहे हे चिंचनाक्यावरून जाणारा प्रत्येक जण बघणार आणि नंबरावरून मालक ओळखणार. मी अवाक्षर काढलं नाही तरी संध्याकाळच्या आत 'अमक्याची सून वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलेली' ही बातमी मार्कंडीपर्यंत जाणार. शिवाय माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे कुठून ना कुठून नात्यात निघणार. माझ्या आत्तेभावाची सासुरवाडी पेठमापातली, म्हणजे ते अख्खं पेठमाप आलं.

जागा दोन बघितल्यात. एक पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला, शेजारी विम्याचं ऑफिस, जिना सगळ्यांचा मिळून एकच. दुसरी मागच्या गल्लीत तळमजल्यावर. दार आडबाजूला, पायरी एकच. मला दुसरी आवडली होती, पण २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथे छताला पाणी लागलं होतं. भिंतीवर खूण अजून आहे.

माझी इच्छा अशी की कोणालाही 'ही जागा आपल्यासाठी नाही' असं वाटू नये. लोट्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा, नवरा आखातात असलेली बाई, समलिंगी मुलगा, सत्तरीतला विधुर, सगळ्यांना यावंसं वाटावं. पण 'सर्वांचं स्वागत' असं बोर्डावर लिहून ते होत नाही, एवढं मला समजतं. मग कशाने होतं? बोर्डावर काय लिहू? दारावर इंद्रधनुषी स्टिकर (समलिंगी, ट्रान्स मंडळींचं इथे स्वागत आहे अशी खूण) लावू का? फी किती ठेवू? लहान गावात राहिलेल्यांनी सांगा, शहरवाल्यांनीही सांगा.

चाकरमानी_लालबाग

बोर्डावर 'झेरॉक्स, लॅमिनेशन व पॅनकार्ड' लिहा. कोणी का गेला होतास विचारलंच तर पॅनकार्डाला आधार जोडायला. (हलके घ्या.)

गंमत सोडा. माझा धाकटा भाऊ लोट्याला केमिकल कंपनीत आहे. आठवड्याला पाळी बदलते, झोपेचा पत्ता नाही, बायकोशी बोलणं बंद. त्याला जा म्हटलं तर पहिला प्रश्न, 'कोण बघेल?' आणि दुसरा, 'किती वाजेपर्यंत उघडं असतं?' तुमची वेळ दहा ते सहा असेल तर तो गेलाच समजा. संध्याकाळी उशिराचे काही तास ठेवा.

पोफळी

मी बाजारपेठेतली. आमच्या घरात पाणी माळ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं होतं. आईने तेव्हापासून जून ते सप्टेंबर रात्रीची सलग झोप घेतलेली नाही. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की उठते, गॅलरीत जाऊन रस्त्यावर बॅटरी मारते, व्हॉट्सॲपवर कोळकेवाडी धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आलाय का ते मला वाचायला लावते. कागदपत्रांची पिशवी कायम दाराशी. तिला 'मानसिक त्रास' म्हणालीस तर अंगावर धावून येईल. 'पुराची भीती' म्हणालीस तर तासभर बोलेल.

तेव्हा माझं मत, बोर्ड काहीही असो, पण पुराबद्दल बोलायला या असं कुठेतरी लिही. आपल्या गावात ही एकच तक्रार अशी आहे की जिची कोणालाच लाज वाटत नाही. सगळ्यांचं पाण्यात गेलं, वाण्याचंही आणि डॉक्टरचंही. त्या निमित्ताने माणूस जिना चढला की पुढे काय बोलायचं ते त्याचं तो ठरवेल.

आणि तळमजला घेतलास तर तुझ्या त्या नोंदींच्या वह्या कुठे ठेवणार? २०२१ ला आमच्या रस्त्यावर चिखलात बँकेच्या फायली पडलेल्या मी बघितल्यात.

रातांबा

पोफळी, पुराचं अगदी खरं. ओळखीतल्या दोघी आताच 'पुरानंतर छातीत धडधडतं' म्हणून बोलायला आल्या. एकीचं धडधडणं २०२१ च्या आधीपासूनचं निघालं.

नोंदींचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्या वह्या चिखलात उघड्या पडल्या तर? नोंदी घरी वरच्या मजल्यावर, कुलपात. आणि वहीत नाव न लिहिता फक्त क्रमांक. हे ठरलं.

निवृत्त_नाना

धागा वाचून थोडं आश्चर्य वाटलं. आमच्या वेळी दुःख असलं तर पारावर बसायचं, बहिणीकडे दोन दिवस जाऊन राहायचं. फारच झालं तर ग्रामदेवतेपुढे गुरवाकरवी गाऱ्हाणं घालायचं. आता तासाचे पैसे देऊन परक्याला सांगायचं? ऐकून घेण्याचे पैसे घेणं माझ्या बुद्धीला पटत नाही.

दुसरं, तुम्ही सगळे तळमजला की पहिला मजला यावर गुप्ततेच्या अंगाने बोलताय. माझ्या दोन्ही गुडघ्यांना जिना चढवत नाही. म्हणजे तुमच्या त्या 'कोणालाही'मध्ये मी बसत नाही, असं समजू का?

वऱ्हाडी_ठेचा

नाना रॉक्स. पहिल्या परिच्छेदाशी असहमत, दुसऱ्याला शंभर टक्के अनुमोदन.

रातांबा

नाना, गुडघ्यांचं मान्य. त्यावर काहीतरी तोडगा काढणारच.

पहिल्या मुद्द्यावर थोडं बोलते. पार आणि बहीण यांच्याशी माझी स्पर्धाच नाही, ती दोन्ही ज्याच्याकडे आहेत त्याने माझ्याकडे येऊच नये. पण जिचा त्रास त्या बहिणीच्या नवऱ्यापासूनच आहे तिने कुठे जावं? ज्याला पारावर बसणाऱ्यांचीच भीती वाटते त्याने? पैसे ऐकण्याचे नाहीत, ऐकलेलं पारावर न नेण्याचे आहेत म्हणा हवं तर. शिवाय ऐकणं हा कामाचा एक भाग झाला. ज्या बाईला गर्दीत जीव गुदमरल्यासारखा होतो तिच्याबरोबर एकेक पायरी आखून तिला परत एसटीत बसवणं, हे शिकून करायचं काम आहे.

आणि गाऱ्हाण्याला मी हसत नाही. चार माणसांसमोर आपलं दुखणं मोठ्याने बोललं जातं, त्यात ताकद असते. घरच्यांनी कौल लावून मग माझ्याकडे यायचं ठरवलं तरी माझी हरकत नाही. फक्त 'बाहेरचं आहे' म्हणून घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेऊन कोणाला मारहाण, चटके, उपाशी ठेवणं झालं तर तिथे मी गप्प बसणार नाही. त्यासाठी आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे.

डॉ_पन्हाळा

मी मनोविकारतज्ज्ञ, कोल्हापूर. धागा आवडला. काही रोखठोक मुद्दे.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक आजार होता. उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत. तुमच्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे (राज्यात अशी चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी), पण चिपळूणहून ते नव्वदेक किलोमीटर आणि नावातच असा धाक की लोक साध्या नैराश्यासाठी तिथे जात नाहीत. तेव्हा मधली पायरी हवीच. ती तुम्ही.

पण मधली पायरी आहात हे विसरू नका. कानात आवाज ऐकू येतात, रात्र-रात्र झोप नाही तरी थकवा नाही आणि पैसे उधळणं चाललंय, बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघेना, माणूस जेवत नाही आणि वजन झपाट्याने उतरतंय, अशा वेळी गप्पांनी भागत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवा. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाला थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगा. कितीदा तिथेच उत्तर मिळतं.

आणि तो सनातन प्रश्न येईलच, 'गोळ्यांची सवय लागते का?' नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नयेत. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, ज्या लोक औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं आणतात. आमच्याकडे न येणारे हेच लोक त्या मात्र बिनधास्त घेतात.

अनामिक_५७

हा आयडी फक्त या धाग्यासाठी काढलाय. गावाचं नाव सांगत नाही, चिपळूणपासून फार लांब नाही.

मी गे आहे. घरी कळलं तेव्हा वडील मला एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी गोळ्या दिल्या, ज्यांनी मी दिवसभर झोपायचो. वर वडिलांना सांगितलं, दोन वर्षांत लग्न करून टाका, सुटेल. ना गोळ्यांनी काही झालं ना लग्न झालं. वडील अजून मला विचारतात, 'कोर्स पूर्ण केला असतास तर?'

तेव्हा स्टिकरबद्दल. ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण तो स्टिकर दारावर असेल तर मी त्या जिन्यावर पाय ठेवणार नाही. आज स्टिकरचा अर्थ मला आणि तुम्हाला माहीत आहे, उद्या झेरॉक्सवाल्याला कळेल. मग त्या दारातून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा 'तसला'. मला अशी जागा हवी जिथे पुराची भीती घेऊन येणाऱ्या काकू आणि मी एकाच बाकावर बसू आणि कोण कशासाठी आलंय ते बाहेरून कळणार नाही.

आणखी एक, जे कोणी सांगणार नाही. पैसे. मी यूपीआयने दिले तर बँकेच्या पासबुकात तुमच्या दुकानाचं नाव छापून येतं. माझं खातं वडिलांबरोबर जॉइंट आहे. 'मनःस्वास्थ्य केंद्र' असं आलं तर संपलंच. खात्याचं नाव साधं ठेवा.

पोफळी

पासबुकाचं!! हे कधी सुचलंच नसतं. अनामिक_५७, लिहिल्याबद्दल आभार.

डब्लिनकर

इथे आयर्लंडमध्ये दवाखान्यांच्या काचेवर असे स्टिकर सर्रास दिसतात आणि मला ते बघून बरं वाटतं. कोणीतरी आधीच ठरवलंय की मला हाकलायचं नाही, एवढं त्यातून कळतं. अनामिक_५७ यांचं म्हणणं समजतं, पण कुठेच काही खूण नसेल तर आत बसलेली बाई आपल्या बाजूची आहे हे माणसाला कळणार कसं? त्या डॉक्टरच्या दारावरही काही लिहिलेलं नव्हतंच ना?

अनामिक_५७

रास्त प्रश्न. माझं उत्तर: फोनवर. पहिला फोन केला तेव्हा समोरचा काय विचारतो त्यावरून कळतं. 'लग्न झालंय का?' हा पहिला प्रश्न आला की मी ठेवून देतो. स्टिकर लावायचाच तर आतल्या खोलीत लावा, बसल्यावर दिसेल असा. किंवा वेबपेजवर लिहा, घरी बसून वाचता येतं.

सडाफुली

मी ट्रान्स स्त्री, सांगलीची. मला उलट वाटतं. मी बाहेरून दिसतेच, लपायची सोयच नाही. कोण कशाला आलंय हे माझ्या बाबतीत झेरॉक्सवाला आधीच ठरवतो. मला दारावर खूण असली तर हवीच आहे, निदान आत जाताना दरवाजाशी कोणी 'इकडे कुठे?' विचारणार नाही.

आणि खूण नसली तरी चालेल, पण फॉर्म बदला. 'नाव' असा एकच रकाना असतो, त्यात आधारवरचं नाव लिहायला लावतात आणि मग तेच नाव बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं पुकारतात. त्या एका हाकेने माझा पुढचा तास वाया जातो. दोन रकाने ठेवा, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू' हे वर आणि कागदोपत्री नाव खाली, तेही गरज असेल तरच.

वकीलीण_बाई

कायद्याच्या अंगाने थोडं. लोकांना वाटतं हे सगळं भावनेचं आहे, तसं नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून प्रौढांनी संमतीने ठेवलेले संबंध वगळले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी २९ मे पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा (२०१७) कमी लोक वाचतात. त्याचं कलम ३ म्हणतं की समाजाच्या नैतिक वा धार्मिक कल्पनांत माणूस बसत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कलम १८ सरकारी आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांत लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व यावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देतं. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही. हे गावागावात सांगायला हवं, कारण पोलिसांच्या भीतीने लोक अशा माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करतात.

अनामिक_५७ यांच्याबाबत झालं तसल्या 'बदलवण्याच्या' उपचारांवर मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सुषमा खटल्यात बंदी घालण्याचा आदेश दिला. त्या खटल्यातले न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी विषय समजून घेण्यासाठी निकालाआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर सत्र घेतलं होतं आणि ते आदेशात नोंदवलं. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. म्हणजे अशा डॉक्टरची तक्रार करता येते.

रातांबा ताई, तुमच्यासाठीही एक. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुमच्या कानावर आलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकाला सूट नाही. तेव्हा 'इथलं बाहेर जाणार नाही' असं सरसकट वचन देऊ नका. काय जाऊ शकतं ते पहिल्याच भेटीत सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

वाचनखूण साठवली. एक विचारतो, विम्यात बसते का हो हे?

वकीलीण_बाई

कायद्याच्या २१ व्या कलमात विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही विमा द्यावा असं आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. तासाभराच्या समुपदेशनाचं बिल बहुतेक वेळा खिशातूनच.

संपादक मंडळ

'पाश्चात्त्य फॅड' या विषयावरचे दोन प्रतिसाद आणि त्यांना आलेली उत्तरं उडवली आहेत. व्यक्तिगत शेरे नकोत.

निळावंती

सगळे स्टिकरवर अडकलेत म्हणून लिहिते. कोकणात भेदभावाला स्टिकर लागत नाही. 'कुठल्या वाडीतल्या तुम्ही?' एवढा एक प्रश्न पुरतो. वाडीचं नाव सांगितलं की जात सांगून झाली, आणि मग पाणी आणून देणाऱ्या मदतनीस बाईचा हात कसा पुढे येतो ते बघत बसायचं.

मी पुण्यात शिकताना एका समुपदेशकाकडे गेले होते. हॉस्टेलवरच्या मुली माझ्या आडनावावरून काय बोलायच्या ते सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, 'तू फार संवेदनशील आहेस, जातीचा विचार डोक्यातून काढून टाक, अभ्यासावर लक्ष दे.' मी अभ्यासावर लक्ष दिलं, पण तिथे परत गेले नाही. त्यांना वाईट वागायचं नव्हतं. त्यांना फक्त हा त्रास खरा असतो हे ठाऊकच नव्हतं.

फॉर्ममधून आडनाव आणि वाडी काढून टाका. वस्तीजवळ एखाद्या शाळेत महिन्यातून एकदा येऊन बसता आलं तर तेही बघा. आमच्याकडच्या बायका बाजारपेठेतला जिना चढून 'ताईं'कडे येतील असं मला वाटत नाही.

खाडीपलीकडची

निळावंती, +१. मी मोहल्ल्यातली. आमच्यात निम्म्या घरांतले पुरुष आखातात किंवा जहाजावर. बायका सासू-सासरे, पोरं, बँक, घराचं बांधकाम सगळं सांभाळतात आणि नवऱ्याशी रात्री व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलतात, तीही सगळं घर बाजूला बसलेलं असताना. तिने 'मला एकटं वाटतं' म्हणायचं कोणाला? तो तिकडे उन्हात राबतोय म्हटल्यावर हिला तक्रार करायला तोंड नाही, असं तीच समजते.

दोनच गोष्टी सांगते. शुक्रवारी दुपारची वेळ देऊ नका. आणि बुरख्यातली बाई आली की तिचं दुःख बुरख्याचंच असणार असं धरून चालू नका. माझ्या भावजयीला ते अनुभवायला लागलंय. ती गेली होती बाळ गेल्याचं दुःख घेऊन.

शेतकरी_पेठ

आमच्याकडच्या अनुभवाचं बोलतो. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं, कोण गप्प झालंय, कोण घरातून बाहेर पडत नाही ते ओळखायचं, चार वेळा जाऊन बोलायचं, सरकारी योजनेचे पैसे अडकलेत तर ते सोडवायला मदत करायची, आणि हाताबाहेरचं असेल तर डॉक्टरकडे न्यायचं. गोव्यातही 'संगाथ' संस्थेने असंच केलंय. आरोग्य केंद्रात साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत बरं वाटायला लावलं, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. म्हणजे ते प्रयोग म्हणून तपासलेलं काम आहे.

सांगायचा मतलब, तुम्ही एकट्या खोलीत किती जणांना पुरणार? आशाताईंना गाठा. कोणाच्या घरात काय चाललंय ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

डॉ_पन्हाळा

सहमत. आणि ग्रामीण रुग्णालयातला एचआयव्ही तपासणी केंद्राचा समुपदेशकही. कित्येक तालुक्यांत वर्षानुवर्षं सरकारी पगारावरचा समुपदेशक म्हणून तोच एक होता. लाज वाटणाऱ्या विषयावर लोकांशी कसं बोलायचं हे त्याच्याकडून शिका, आम्हालाही कोणी इतकं शिकवलं नाही.

रातांबा

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आतापर्यंत जे ठरलंय ते लिहिते, खोडून काढायचं तर काढा.

जागा पहिल्या मजल्यावरचीच घेतली. विम्याचं ऑफिस शेजारी आहे ही मला आधी अडचण वाटत होती, आता सोय वाटते. जिना चढणारा विम्याला आलाय की माझ्याकडे, कोण सांगणार? नाना, तुमच्या गुडघ्यांसाठी झेरॉक्सच्या मागे एका ओळखीच्या दंतवैद्यांची खोली आहे, तळमजल्यावर. ती दर गुरुवारी दुपारी रिकामी असते, तेव्हा तिथे मी बसेन. पावसाळ्यात पाणी आलं तर दंतवैद्यांची खुर्ची आधी वर न्यावी लागेल, माझं काय, एक वही.

बोर्डावर माझं नाव आणि खाली 'समुपदेशन', बस. 'मन' हा शब्द बोर्डावरही नाही आणि बँकेच्या खात्यावरही नाही. खातं माझ्या नावाने आहे, पासबुकात एका बाईचं नाव दिसेल. शिकवणीची फी म्हणता येईल, भिशी म्हणता येईल.

दारावर स्टिकर नाही. आत, टेबलाच्या समोरच्या भिंतीवर आहे. सडाफुली, तुमचं म्हणणं मी बाजूला टाकलेलं नाही. तुमच्या बाबतीत बाहेरची खूण कामाची आहे हे मला पटतं, पण अनामिक_५७ सारख्यांना ती महागात पडेल. दोन्ही एकाच दारावर जमवता आलं नाही. त्यातल्या त्यात एवढं केलंय की बाहेर बाकावर बसवून नाव पुकारायची पद्धतच ठेवली नाही. दोन भेटींच्या मध्ये वीस मिनिटं रिकामी ठेवते, म्हणजे जाणारा आणि येणारा समोरासमोर येत नाहीत, आणि दार मी स्वतः उघडते. फॉर्मवर 'काय म्हणून हाक मारू', फोन, आणि 'या नंबरवर मेसेज केला तर चालेल का, घरात कोणी बघतं का' एवढंच. आडनाव, वाडी, विवाहित-अविवाहित, काही नाही. बोलता बोलता ज्याला सांगायचं तो सांगतो. 'आलात, बसलात' असंच बोलते. माणूस स्वतःला आलो म्हणतो की आले, ते कानावर पडेपर्यंत.

फी ६०० ठेवली. आठवड्यातल्या काही वेळा कमी फीच्या आहेत. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वगैरे काही नाही, फोनवर 'कमी फीची वेळ हवी' म्हटलं की झालं. पूर्ण फुकट ठेवलं नाही. ज्यांना कमी फीही जड आहे त्यांना सरकारी रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवते, तिथे औषधंही मोफत मिळतात. रात्रीबेरात्री कोणाला फारच असह्य झालं तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा, ते मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. हा नंबर मी प्रत्येकाला पहिल्या भेटीत लिहून देते, 'तुम्हाला लागेल' म्हणून नाही, घरात असावा म्हणून.

पहिल्या भेटीतच दोन गोष्टी सांगते. एक, काय बाहेर जाऊ शकतं: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि लहान मुलावरचा अत्याचार. दुसरी, मासळीबाजारात भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही, राग मानू नका. तुम्ही हाक मारलीत तर मी सुरमईचा भाव विचारेन.

निळावंती, महिन्यातून एकदा शाळेत बसायचं पक्कं. आशाताईंशी बोलणं झालंय. त्या म्हणाल्या, 'आधी आमच्याशीच बोला, आमचं कोण ऐकतं?' म्हणून पहिली बैठक त्यांचीच.

चाकरमानी_लालबाग

नात्यातलं कोणी आलं तर काय करता? भाऊ विचारतोय. तुमचा तो पेठमापातली सासुरवाडी असलेला आत्तेभाऊ आमच्या वहिनीचा मामा निघाला.

रातांबा

काय सांगता! सख्ख्या नात्यातल्या किंवा रोज समोर येणाऱ्या माणसाला मी घेत नाही, खेड नाहीतर रत्नागिरीच्या सहकाऱ्याचा नंबर देते, किंवा फोनवर सत्रं घेणाऱ्या कोणाचा. पण वहिनीच्या मामाची मामेबहीण इतक्या लांबचं नातं धरायचं तर मला चिपळुणात कामच करता येणार नाही. भावाला पाठवा. बुधवारी रात्री नऊपर्यंत असते. आधी तो स्वतः ठरवू दे की त्याला चालतंय.

निवृत्त_नाना

गुरुवारची व्यवस्था ऐकली. मी येईन असं समजू नका. पण दंतवैद्यांकडे जायचं आहेच.

एक_आई

सगळा धागा दोनदा वाचला. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. कॉलेज सोडून घरी बसलाय, खोलीचं दार बंद. काय झालंय ते सांगत नाही. मोबाईलमधले काही मेसेज मी बघितले, त्यावरून मला अंदाज आहे. मी त्याला काही बोलले नाही. तुमच्याकडे चल म्हटलं तर नाही म्हणतो. मी एकटी आले तर चालेल का? आणि तो जे सांगेल ते मला सांगाल का?

रातांबा

ताई, एकट्या या, जरूर या. कितीतरी घरांत आई आधी येते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, आणि ते आत्ताच स्पष्ट सांगते म्हणजे नंतर तुम्हाला फसवल्यासारखं वाटणार नाही. तो वीस वर्षांचा आहे, तो पुढे आलाच तर त्याचं बोलणं त्याचं. त्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र तुम्हाला सांगेन, आणि सांगणार आहे हे आधी त्याला सांगेन. तुमच्या मनात जो अंदाज आहे तो तसाच निघाला, तरी त्याला 'बदलून' देण्याचं काम मी करत नाही, तसं कोणी करून देतो म्हणाला तर वर वकीलीण बाईंनी लिहिलंय ते वाचा.

तुम्ही आलात तर आपण तुमच्याबद्दल बोलू. तुम्हाला झोप लागते का, घरात आणखी कोणाला माहीत आहे, दाराबाहेर ताट ठेवता तेव्हा काय म्हणता. मेसेज बघितल्याचं त्याला सांगायचं की नाही, कधी आणि कसं, हेही त्यात आलं. घाई नाही. एक मात्र आजच विचारते: तो जेवतो का, आणि मरणाबद्दल काही बोललाय का? तसं काही असेल तर माझी वाट बघू नका, १४४१६ ला आत्ता फोन लावा आणि उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या.

एक_आई

जेवतो. तसं काही बोललेला नाही. गुरुवारी येऊ का? बाजाराच्या पिशव्या घेऊन आले तर चालेल ना, घरी तेच सांगून निघेन.

रातांबा

चालेल. साडेतीनला या. झेरॉक्सच्या मागून, दंतवैद्यांचा बोर्ड आहे तिथे.